हजेरीचा दिवा

कागदाच्या त्या कारखान्यात 'घड्याळराव' म्हटलं की कुणालाही कळायचं. आईबापांनी ठेवलेलं नाव फक्त पगाराच्या चिठ्ठीवर उरलं होतं. माणूस पाळीवर असा यायचा, की त्याला बघून फाटकावरचा पहारेकरी आपलं मनगट बघायचा, आणि चूक निघालीच तर मनगटावरच्या घड्याळाची निघायची. कंट्रोल रूममध्ये त्याची खुर्ची, समोर चार स्क्रीन, आणि बाजूच्या भिंतीवर एक जुना पत्र्याचा बोर्ड. त्या बोर्डावरचं सगळं केव्हाच मेलं होतं. काटे पडलेले, खटके निखळलेले. जिवंत होतं एक बटण आणि एक दिवा. हिरवा, बोराएवढा. दर तासाला तो लागायचा, जरा वेळ राहायचा आणि विझायचा.

एवढ्याशा दिव्याचं काय एवढं कौतुक, असं तुम्ही म्हणाल. तर ऐका.

कारखान्याला पाणी यायचं नदीवरून. पंपघर पार त्या टोकाला, लाकडांच्या ढिगांच्या आणि राखेच्या खड्ड्याच्या पलीकडे. तिथे एक माणूस, एकटा. फार पूर्वी तिथला एक पंपवाला ओल्या पायरीवरून घसरला आणि मांडी मोडून दिवसभर पडून राहिला. ओरडून ओरडून त्याचा घसा बसला, पण पंपांच्या घरघरीत ऐकणार कोण? तेव्हापासून एक रीत पडली. पंपवाल्यानं दर तासाला बटण दाबायचं, की वर कंट्रोल रूममध्ये दिवा लागणार. ती हजेरी. मग वरच्यानं आपलं बटण दाबायचं, की खाली पंपघरात दिवा लागणार. ती पोच. हजेरी आली नाही, तर वरच्यानं हातातलं काम टाकून खाली जाऊन बघायचं. पुढे कंट्रोलर आले, पंप वरूनच चालू-बंद व्हायला लागले, खालच्या माणसाला जाळ्या साफ करणं आणि तेल बघणं एवढंच उरलं, तरी ही रीत कुणी मोडली नाही.

पहिल्या पाळीला पंपघरात जो बसायचा, तो घड्याळरावाचा साडू.

साडू हे नातंच मुळात गमतीचं. रक्ताचं नाही, आपण निवडलेलं नाही. दोन बहिणींच्या मागून आलेले दोन परके बुवा एका घरचे जावई होतात, झालं. बहुतेक साडू एकमेकांचे मानपान मोजण्यात जन्म घालवतात. पण या दोघांचं मेतकूट जमलं होतं. सासुरवाडीला गेले की कोपरा धरून सासऱ्याच्या खोकल्याची नक्कल करायचे आणि दोन्ही बायकांच्या शिव्या खायचे. घड्याळरावाची बायको थोरली, साडूची धाकटी. धाकटी घड्याळरावाला 'भावोजी' म्हणायची आणि हवं तेव्हा कान उपटायची. चौघं एकत्र बसली की घरात दुसऱ्या कुणाची गरज पडत नसे.

मग घड्याळरावाची बायको आजारी पडली. पोटात दुखायचं, खाल्लेलं राहायचं नाही. साडू येऊन म्हणाला, "मोठ्या हॉस्पिटलात ने. आजच्या आज ने. मी येतो बरोबर." नेमकं कारखान्याचं वर्षाचं शटडाउन तोंडावर आलेलं. त्या काळात सगळी यंत्रं उघडतात, सगळ्यांच्या रजा बंद. घड्याळराव म्हणाला, "एवढं शटडाउन होऊ दे, मग नेतो." बायकोही म्हणाली, होऊ दे. ती तसं म्हणणारच होती, तिला नवरा ठाऊक होता. शटडाउन वेळेवर संपलं, साहेबांनी पाठ थोपटली. बायको मात्र त्यानंतर फार दिवस राहिली नाही.

ती गेल्यावर घरात सगळी मंडळी जमलेली. आणि त्या सगळ्यांसमोर साडू म्हणाला, "मशीन चालू व्हायची वाट बघत बसलास, आणि बायको बंद पडली."

खोटं असतं तर घड्याळरावानं त्याच्या कानाखाली आवाज काढला असता आणि महिन्याभरात दोघं पुन्हा चहाला बसले असते. पण ते खरं होतं. खऱ्या बोलण्याला उत्तर नसतं, म्हणून माणूस बोलणाऱ्याचं तोंडच बघणं सोडतो. घड्याळरावानं तेच केलं. घरी येणं-जाणं तुटलं. साडू कँटीनमध्ये बसतो म्हणून यानं कँटीन सोडलं आणि डबा कंट्रोल रूममध्येच उघडायला लागला. सुंभ जळला, पीळ राहिला.

राहिला तो दिवा. ते कामाचं होतं, तोडता येत नव्हतं. ज्या माणसानं चारचौघांत आपली चामडी सोलली, त्याला दर तासाला 'पोचलं बाबा' म्हणून बटण दाबायचं! पहिल्याच आठवड्यात घड्याळराव तेव्हाच्या प्रोग्रामरकडे गेला. जाड भिंगांमुळे त्याला सगळे चष्मेवाला म्हणत. कंट्रोलर ही काही जादू नव्हे. एक चौकट असते, तिच्यात फडताळात पुस्तकं लावावीत तशी ओळीनं कार्डं खोचलेली असतात. एक कार्ड बाहेरचं ऐकतं: बटण दाबलं का, टाकी भरली का. एक कार्ड हुकूम सोडतं: दिवा लाव, झडप उघड. मधलं कार्ड विचार करतं, तोही तुम्ही शिकवाल तेवढाच. घड्याळराव म्हणाला, "खालची हजेरी आली की माझ्या वतीनं तूच पोच देऊन टाकत जा. त्या माणसासाठी मी बोट उचलणार नाही."

"नियमात बसत नाही हां हे," चष्मेवाला म्हणाला.

"मग डोळे मिटून कर."

चष्मेवाल्यानं प्रोग्राममध्ये एक ओळ घातली, एक टायमर बसवला. हजेरी आली की दोन श्वासांच्या अंतरानं पोच आपोआप जायला लागली.

रागाचं एक वाईट असतं. तो भाड्यानं राहायला येतो आणि घर आपलंच समजतो. पण एक दिवस न सांगता निघूनही जातो, आणि मागे रिकाम्या खोल्या उरतात. घड्याळरावाचा राग कधी गेला हे त्यालाही कळलं नाही. घरी कुलूप उघडायचं, एक कप धुवायचा, एक ताट धुवायचं, रेडिओ लावायचा आणि ऐकायचा नाही. लेकरूबाळ नव्हतं. दिवसभरात त्याच्याशी मुद्दाम होऊन कुणी काही बोलत असेल, तर तो हिरवा दिवा. दिवा लागला की घड्याळराव मनात म्हणायचा, "आहेस ना? बरं आहे." डबा खातानाही तोंड दिव्याकडे करून बसायचा. इतर पाळ्यांत कुणी त्या दिव्याकडे ढुंकूनही बघत नसे.

आणि मग त्याला लाज वाटायला लागली. तो बिचारा तिकडे इमानेइतबारे बटण दाबतोय, आणि आपण इकडे यंत्र बसवून मोकळे! आता घड्याळरावही बटण दाबायला लागला. दिवा लागला रे लागला की हात पुढे. पण कधीही दाबा, टायमर आधीच पोच देऊन बसलेला. चष्मेवाला तोवर रिटायर झाला होता. दुसऱ्या कुणाला सांगावं, तर स्वतःचीच लबाडी सांगावी लागणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. घड्याळराव मूग गिळून बसला.

यंदा जुन्या कंट्रोलरचं आयुष्य संपलं. त्याची कार्डं आता कुठे मिळत नव्हती, म्हणून शटडाउनमध्ये नवी चौकट बसवायचं ठरलं. त्यासाठी एक प्रोग्रामरबाई आली. चाळिशीची, केस वर बांधलेले, हसताना खांदे हलवणारी. ती जुना प्रोग्राम ओळ न् ओळ वाचून नव्यात उतरवत होती. घड्याळरावानं दोन दिवस तिच्याभोवती घिरट्या घातल्या. तिसऱ्या दिवशी तिच्यापुढे चहा ठेवला आणि घसा साफ केला.

"बाई, त्यात एक टायमर आहे बघा. पंपघराच्या पोचेचा. तो नव्यात घेऊ नका. मी हातानं दाबीन."

"आणि दुसरा?"

"दुसरा कुठला?"

"काका, दोन आहेत." तिनं स्क्रीन त्याच्याकडे वळवली. "हा बघा. खालून हजेरी आली की पोच देणारा. हा तुमचा. आणि हा वरचा बघा. दर तासाला तुमच्या बोर्डावरचा दिवा लावणारा. पंपघराचं बटण कार्डापर्यंत येतंय, पण पुढे कुठेच जात नाही. ते दाबलं काय आणि न दाबलं काय, सारखंच."

घड्याळरावानं त्या ओळीवर बोट ठेवलं.

"म्हणजे... तो दाबत नव्हता?"

"दाबत असले तरी कळायला मार्ग नाही. दोन्ही ओळी एकाच आठवड्यात घातल्यात, एकाच माणसानं." बाईला हसू आवरेना. "म्हणजे काका, इतकी वर्षं एक टायमर म्हणतोय 'मी आहे', आणि दुसरा म्हणतोय 'कळलं'! माणसांचा पत्ताच नाही!"

घड्याळरावही हसला. हसणं भागच होतं. त्याच आठवड्यात साडूही गेला असणार चष्मेवाल्याकडे: त्या माणसासाठी मी बोट उचलणार नाही. आणि चष्मेवाल्यानं दोघांचं पोटात ठेवलं आणि खुशाल पेन्शनवर निघून गेला. धन्य त्याची! मग घड्याळराव खुर्चीत बसला. एवढी वर्षं तो डबा कुणाबरोबर खात होता?

बाईचं हसू एव्हाना थांबलं होतं. "पण हे भयंकर आहे हो," ती म्हणाली. "खाली कुणी पडलं असतं, तरी तुमचा दिवा लागतच राहिला असता. दोन्ही काढतेय मी."

"काढा," घड्याळराव म्हणाला. "दोन्ही काढा."

शटडाउनचे उरलेले दिवस तो एकच हिशेब करत होता. आता खरी हजेरी येणार. साडूला कळलं असेल की टायमर गेला? बाई कंट्रोल रूममध्ये येणाऱ्या प्रत्येकाला सांगतच होती, नव्या पद्धतीत बटण हातानं दाबायचं. म्हणजे आता साडू बोट उचलतो की नाही, ते दिसणार होतं. उचललं, तर आपण त्याच दिवशी पाळी सुटल्यावर पंपघरात जायचं आणि म्हणायचं, 'तू म्हणालास ते खरं होतं.' त्यानं हे वाक्य आंघोळ करताना म्हणून बघितलं, भाजी चिरताना म्हणून बघितलं. नीट जमत होतं.

चालू करायचा दिवस उजाडला. नवी चौकट भिंतीवर, कार्डांवरचे बारीक दिवे लुकलुकतायत, साहेब लोकांची धावपळ. पंप सुरू झाले, पाणी वर आलं. तास भरला. घड्याळरावानं बोर्डाकडे पाहिलं.

दिवा लागला नाही.

त्यानं आपलं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. बाईला विचारलं, "तारा जोडल्यात ना?"

"जोडल्यात काका, मी स्वतः तपासल्यात. खालून कुणी दाबलंच नाहीये."

दुसरा कोणी असता तर 'गेला उडत' म्हणून गप्प बसला असता. पण रीत रीत असते. हजेरी आली नाही, तर वरच्यानं खाली जाऊन बघायचं. घड्याळरावाला ते एकदम आठवलं, आणि खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं. जायला कारण मिळालं होतं. त्यानं हेल्मेट चढवलं आणि निघाला. लाकडांच्या ढिगांपाशी येईपर्यंत तो भरभर चालत होता, राखेच्या खड्ड्यापाशी आल्यावर थांबला. पडला असेल तर? दिवा इतकी वर्षं खोटं बोलत होता. मग तो धावायलाच लागला.

पंपघरात एक अनोळखी माणूस स्टुलावर बसून मोबाइल बघत होता. कंत्राटदाराचा माणूस, तेलकट डगला घातलेला. तो दचकून उठला.

"इथले पंपवाले कुठायत?" घड्याळरावाला धाप लागली होती.

"मीच की."

"तू नाही. म्हातारे."

"ते होय? ते गेले की रिटायर होऊन. उन्हाळ्याच्या आधीच. तुम्हाला नाही ठाऊक?" त्यानं घड्याळरावाकडे नीट पाहिलं. "तुम्ही वरचे घड्याळराव ना? त्यांचे साडू? मग तुम्हाला कसं ठाऊक नाही?"

ठाऊक असणार कुठून! कारखान्यात दोघांचं भांडण सगळ्यांना माहीत होतं, म्हणून त्याच्यापुढे साडूचा विषय कुणी काढत नसे. निरोपाचा चहा कँटीनमध्ये झाला असणार, आणि हा कँटीनला जातच नव्हता. उन्हाळ्याआधीपासून तो रोज एका परक्या माणसाशी मनातल्या मनात बोलत होता.

"हजेरीचं बटण का दाबलं नाहीस?"

"कुठलं, हे?" त्यानं भिंतीकडे बोट केलं. "ते बंद आहे असं म्हातारेच म्हणाले होते. स्वतः मात्र दर तासाला दाबायचे. मी तेव्हा काम शिकायला यायचो, बघून हसायचो. म्हणायचे, दाबायला काय पैसे पडतात? आणि तो दिवा आहे ना, हिरवा, तो लागला की म्हणायचे, बघ, वर आमचा साडू बसलाय, घड्याळासारखा, एकदासुद्धा चुकला नाही. शेवटच्या दिवशी डबा-पिशवी घेऊन उभेच होते दारात. दिवा लागल्यावर गेले."

घड्याळराव भिंतीला टेकला. बटणाचा लाल रंग मधोमध घासून पांढरा पडला होता, अंगठ्याएवढा. पंप घरघरत होते. डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यानं पुसलंही नाही. तिथे बघायला कोण होतं? एक परका माणूस, तोही पाठ फिरवून उभा राहिला.

"नंबर आहे त्यांचा तुझ्याकडे?"

होता. दूरच्या शहरात मुलाकडे राहायला गेले होते म्हणे. पंपांच्या आवाजापासून लांब, नदीच्या पायऱ्यांवर उभं राहून घड्याळरावानं त्या माणसाच्या मोबाइलवरून फोन लावला. साडूच्या बायकोनं उचलला.

"मी बोलतोय," घड्याळराव म्हणाला.

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "भावोजी?"

"त्याला दे."

"ते बोलत नाहीत आता." तिचा आवाज सपाट होता. "इथे आल्यावर महिन्याभरात झटका आला. वाचा गेली, अंग गेलं. ऐकू येतं, कळतं सगळं."

"मला कळवलं नाहीस!"

"नाही कळवलं. ते चांगले असताना म्हणायचे, निघताना भेटून येतो त्याला. मीच नको म्हटलं. माझी ताई होती ती, भावोजी. त्यांचा राग कधीच गेला होता. माझा नव्हता गेला."

घड्याळरावानं खाली पाण्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "फोन त्याच्या कानाला लाव."

खरखर झाली. कुणाच्या तरी श्वासाचा आवाज यायला लागला. आंघोळ करताना, भाजी चिरताना म्हटलेलं ते वाक्य घड्याळरावानं म्हटलं. नीट जमलं नाही, मधेच तुटलं, पण म्हटलं. "तू म्हणालास ते खरं होतं. मी तिला नेलं नाही. आणि तो दिवा... तो दिवा मी लावत नव्हतो रे. टायमर होता. दाबत होतो मी, नंतर रोज दाबत होतो, पण तुला कळायला मार्ग नव्हता."

श्वास येत राहिला. उत्तर नाही. उत्तर येणार नव्हतंच, तरी तो थांबला. मग पुन्हा धाकटीचा आवाज.

"काय सांगितलंत त्यांना? बोट हलवतायत."

"कुठलं बोट?"

"उजवा अंगठा. तेवढाच हलतो. दिवसातून कितीदा तरी असं करतात, पलंगाच्या कडेवर दाबल्यासारखं. दाबतात आणि दाराकडे बघत बसतात. आम्हाला वाटतं पाणी हवंय. पाणी देतो, तर तोंड फिरवतात. काय हवंय त्यांना, तुम्हाला काही कळतंय का हो?"

घड्याळरावाला कळत होतं. त्याला तिला सांगायचं होतं की ती हजेरी आहे, आणि तो पोचेची वाट बघतोय. इतके महिने रोज बघतोय. पण तो एवढंच म्हणाला, "त्याला सांग, मी निघालो."

मोबाइल परत करून तो वर आला. कंट्रोल रूममध्ये रणधुमाळी चालली होती. कुठलीशी झडप उघडत नव्हती, साहेब फोनवर ओरडत होते. घड्याळरावानं खुंटीवरचा सदरा काढला, डबा उचलला.

"काका, कुठे?" प्रोग्रामरबाई ओरडली. "आत्ता नाही जाता येणार! निदान मशीन रुळावर येऊ द्या, संध्याकाळी जा!"

"संध्याकाळी नाही," घड्याळराव म्हणाला. "खाली पंपघरात एक नवा माणूस आहे. त्याला हजेरीचं सांगितलंय. तास भरला की दिवा लागेल, तेव्हा हे बटण दाबा. विसरू नका."

त्यानं रजेचं कुणाला विचारलं नाही. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं त्याला पाळीच्या मधेच बाहेर पडताना पाहिलं आणि सवयीनं आपलं मनगट बघितलं. मग घड्याळ कानाला लावलं, बंद पडलंय की काय म्हणून.